ठकूबाईचं बी

॥ श्री भैरवनाथ ॥

डिंगोरे, बुधवार, १२ जून २०२४

वन्सं कुशाबाई यांना जयाचा नमस्कार.

आज घरी आलं ते असं : बियाण्याची चंदेरी पाकिटं तीन, आकडे घातलेल्या पत्र्याच्या पाट्या तीन, वाफे आखायला दोरी आणि सूचनांचा छापील कागद. बी फुकट, खतही फुकट. नारायणगावहून सामान आणलं त्याचं जीपभाडं साठ रुपये, तेवढाच आपल्या पदरचा खर्च. सामानाबरोबर आलेल्या मॅडमना चहा-पोहे केले ते मी खर्चात धरत नाही, आला-गेला देवाचा.

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. तळेघरला फोन लागत नाही, आणि लागला की माझा आवाज ऐकून बंद होतो. म्हणून पत्र. पत्राचं बरं असतं, राग आला तर फळीवर ठेवून देता येतं, शांत झाल्यावर वाचता येतं.

लिहायचं कारण वेगळंच आहे. आरती मॅडम म्हणून एक बाई आल्या होत्या. धान्यावर संशोधन करणाऱ्या केंद्रातल्या. वय तुमच्या थोरल्याएवढं, पण बोलायला गोड, आणि चप्पल बाहेर काढून आत आल्या. त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "काकू, यावरचं नाव वाचा."

वाचलं. "दाता : ठकूबाई. मु. डिंगोरे, ता. जुन्नर. वाण : स्थानिक बाजरी, लांब कुसळांची. १९८४."

वन्सं, तुमच्या आईचं, आत्याबाईंचं नाव. त्या साली मी या घरात आलेही नव्हते. मॅडम सांगत होत्या, तेव्हा सरकारची माणसं गावोगाव हिंडून जुनं बियाणं गोळा करायची, आत्याबाईंनी त्यांना मूठभर बाजरी दिली होती. ती मूठ चाळीस वर्षं कुठल्याशा गार खोलीत झोपून होती. आता तपासली तर तिच्यात लोह आणि जस्त भरपूर निघालं, बाजारच्या बाजरीच्या कितीतरी वर. "ते लोह तुमच्या मातीतलं की या बियाणातलं, एवढंच आम्हाला बघायचंय. म्हणून ते बी त्याच वावरात परत पेरायचं. थोडं आमच्या केंद्रातही पेरणार. शेजारी दोन वाण आणखी, तुलनेला."

तुमचे दादा म्हणाले, "अवो मॅडम, आमच्या आईनं दिलं आन् आमालाच ठावं नाय?" मॅडम हसल्या. मी हसले नाही. आत्याबाई जाऊन पंधरा वर्षं झाली. त्यांच्या मडक्यातलं बी नंतर सोंडेकिड्यांनी खाल्लं, आपण पिशवीतलं बी आणायला लागलो, आणि त्यांची बाजरी संपली असंच मी धरून चालले होते.

कशामुळे काय झालं ते उकरत नाही. जमिनीच्या सहीवरून तुमच्यात आणि दादांत बिनसलं, आत्याबाईंच्या शेवटच्या दुखण्यात त्यांनी सांगावा धाडला नाही, तुम्ही आलात तेव्हा राखसुद्धा निवली होती. ते तुम्हालाही ठाऊक, मलाही. पण बी तुमच्या आईचं आहे. ते परत आलंय, एवढं तुम्हाला कळावं असं वाटलं.

एक सांगते, हसू नका. उन्हं अशी होती की पत्रा चटके देत होता. जीपमधून तासभर आलेली पाकिटं. दोन कोमट लागली. आत्याबाईंचं नाव असलेलं हातात घेतलं तर माठाच्या बुडासारखं गार. मी ते देवापाशी ठेवलंय.

आपली,
जया


डिंगोरे, रविवार, ४ ऑगस्ट २०२४, दिव्यांची अवस

वन्सं यांना नमस्कार.

सकाळी दिवे घासून पुजले. आत्याबाईंची पितळी समई काढली, तेव्हा तुमची आठवण झाली. पहिल्या पत्राचं उत्तर नाही. असू द्या.

पेरणी झाली. यमाजी भाऊजींची बैलं सांगितली होती, कारण वाफे लहान, त्यात ट्रॅक्टर वळत नाही. दोन वाफे पेरून झाले आणि आत्याबाईंच्या वाफ्याशी आलो. आपल्या घरची रीत तुम्हाला सांगायला नको, तुम्ही माझ्याआधीच्या. तरी लिहिते, कारण पुढचं त्यातूनच झालं असं मला वाटतं. बाई बी पदरात घेते, पाभरीच्या बी सोडायच्या चाड्याला हळदकुंकू लावते, बैलं धरणारा विचारतो, "कुणाचं बी?", आणि बाई जिच्या हाती घरचं बी आहे तिचं नाव घेते. म्हणजे आता माझं. एवढी वर्षं "जयाचं बी" म्हणत मी पिशवीतलं बी पेरलंय, कधी काही वाटलं नाही.

यमाजी भाऊजींनी विचारलं, "कुणाचं बी?"

पाकिटावरचं नाव माझ्या डोळ्यासमोर होतं. जे लिहिलंय ते सोडून दुसरं कसं सांगायचं? मी म्हटलं, "ठकूबाईचं."

यमाजी भाऊजी थबकले. "वैनी, गेलेल्या माणसाचं नाव घेत्यात व्हय चाड्यावर?"

"त्यांचंच आहे. छापील आहे."

"छापील!" ते म्हणाले. "उद्या छापील कागदावर माजंबी नाव यील, मग मीबी मेलो का?" तुमचे दादा हसले आणि बैलं हाकली. बी मुठीतून खाली गेलं. बोललेलं परत घेता येत नाही.

उगवण दाट झाली. मॅडमनी फोटो काढले. बाकी दोन वाफ्यांत तण माजलं, आठवडाभर मी आणि दोन बाया खुरपत होतो. आत्याबाईंच्या वाफ्यात तण नाही. म्हणजे येतं, पण सकाळी गेलं की उपटलेलं असतं. बांधावर जुड्या लावलेल्या, मुळं सूर्याकडं करून. मला वाटलं, दादा करतात. दादांना वाटलं, मी करते. बाजेवर बसून दोघं चहा पीत होतो तेव्हा ते म्हणाले, "तू कशापायी इतक्या सकाळी जातीस? कंबर धरंल." मी म्हटलं, "मी कुठं जाते?" त्या जुड्या कोण बांधायचं ते या घरात दोघांनाच ठाऊक आहे, आणि तिसऱ्या तुम्ही.

आपला ऋषी आणि सून हर्षाली बरे आहेत. ऋषीची चाकणला कारखान्यात पाळी, हर्षाली नारायणगावात टोमॅटोच्या गाळ्यावर लिखापढी करते. त्यांची संस्कृती सात वर्षांची झाली, तुम्ही पाहिलेली नाही. इंग्रजी शाळेत जाते. रक्त मात्र कमी. डॉक्टर म्हणाले सातावर आलंय. पोर भिंतीचे पोपडे खाते, पाटीवरची पेन्सिल खाते, ओल्या मातीचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं तिच्या. गोळ्या दिल्या की ओकते. नवस बोललाय. बघू.

जया


डिंगोरे, बुधवार, २ ऑक्टोबर २०२४, सर्वपित्री अवस

वन्सं यांना नमस्कार.

तुमचं कार्ड पोचलं. "आईच्या नावानं मला बोलवू नका. ती होती तवा कुणी बोलावलं नाही." तुमचं बरोबर आहे. मी बोलवत नाही, कळवते आहे.

बाजरी काढली. कणीस हातभर, कुसळं इतकी लांब की पाखरू बसत नाही, ते आत्याबाईंच्या बाजरीचं वैशिष्ट्यच. पण पाखरं येत होती. दुसऱ्या वाफ्यांवर थवे पडायचे, तिथं मी डबा वाजवून थकले. या वाफ्याशी मात्र ती बांधावर बसायची, चिमण्या, होले, साळुंख्या सगळ्या एका रांगेत, तोंडं वाफ्याकडं करून. दाणा टिपायची नाहीत, ओरडायची नाहीत. नुसती वाट बघत बसायची. आरती मॅडमनी बघितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कुसळांमुळे घाबरतात." घाबरलेलं पाखरू इतकं जवळ बसतं का, वन्सं? तुमची आई कापणीआधी पहिली मूठ बांधावर फेकायची, त्याचीच ती वाट बघत होती. शेवटी मी मूठ फेकली. एकानंही चोच लावली नाही. माझा हात नको होता त्यांना.

मॅडमनी धान्य तपासायला नेलं. फोनवर म्हणाल्या, "काकू, खायला चांगलं आहे, बिनधास्त खा. पण एक गंमत आहे. हेच बी आम्ही केंद्रात पेरलं, तिथं लोह निम्म्यानं उतरलं. तुमच्याकडं ते आधीच्या नोंदीपेक्षाही वाढलंय. म्हणून मातीही नेऊन तपासली, तर माती साधीच निघाली. मग येतंय कुठून?" त्यांच्या आवाजात आनंद होता. मला देवाचं नाव घ्यावंसं वाटलं.

आज पान वाढलं. नव्या बाजरीची भाकरी, गवारीची भाजी, खीर, वडे. मामंजींचं पान कावळ्यानं लगेच शिवलं. आत्याबाईंचं शिवलं नाही. दुपार टळली. दादांनी हात जोडले, "आई, काय चुकलं आसंल तर पदरात घे." कावळा कौलावर बसून होता, मामंजींच्या पानावरचं खाऊन त्याचं पोट भरलेलं नव्हतं, तरी हलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

मागं वळले तर संस्कृती उंबऱ्यात बसून आत्याबाईंच्या नावाची भाकरी खात होती. मी आरडले नाही, कारण त्या पोरीला आजवर भाकरी कधी गेलेली नाही. दोन घास चावून थुंकायची. आज पूर्ण भाकरी, वर कांदा, तो बुक्कीनं फोडून. इंग्रजी शाळेतली पोर कांदा बुक्कीनं फोडते, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तिची तब्येत सुधारेल असं वाटतंय. आणखी एक लिहायचं होतं, पण आज अवस आहे, नको.

जया


डिंगोरे, शनिवार, ७ डिसेंबर २०२४, चंपाषष्ठी

वन्सं यांना नमस्कार.

खंडोबाचा नैवेद्य झाला, वांग्याचं भरीत-रोडगा केला. आता मागच्या पत्रात गाळलेलं लिहिते. गाळून उपयोग झाला नाही, ते थांबलं नाही.

आधी चांगलं. पोरीचं रक्त साताचं अकरा झालं. भिंत चाटणं बंद. गालावर रंग आला, शाळेत पळायच्या शर्यतीत दुसरी आली. डॉक्टर म्हणाले, "कुठली गोळी चालू केली?" हर्षालीनं सांगितलं, "बाजरी." ते हसले. आरती मॅडमनी मात्र सगळं टिपून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यांच्या कामाचं चीज झालं म्हणून. बाई चांगली आहे, तिचा यात दोष नाही.

आता दुसरं. भाकरी खाल्ल्यावर पोर बोलते ते तिचं नसतं.

सुरुवातीला एखादा शब्द यायचा. मी पीठ मळत होते तर म्हणाली, "पानी बेतानं घाल, चिरंल." मला वाटलं, माझंच ऐकून बोलते. मग म्हणाली, "सूनबाई, तव्याखालचा जाळ काढ." घरात गॅस आहे, वन्सं. पंधरा वर्षं झाली चूल मोडून. तरी मी खाली वाकले, जाळ काढायला.

मग ती दारात बसायला लागली. शाळेची बॅग टाकते, भाकरी मागते, खाते, आणि पदर नसताना डोक्यावरून हात फिरवून पदर घेतल्यासारखं करते, आणि उंबऱ्यात बसते. रस्त्याकडं तोंड. मी विचारलं, "कुणाची वाट बघतेस गं?"

"कुशीची. आज येती म्हनली व्हती."

या घरात तुमचं नाव घेत नाहीत. दादांना चालत नाही. पोरीला आत्याआजी आहे हेसुद्धा कुणी सांगितलेलं नाही. भिंतीवर तुमचा फोटो नाही.

आरती मॅडमना सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत, समजुतीनं म्हणाल्या, "काकू, लहान मुलं ऐकत असतात. आपल्याला वाटतं लक्ष नाही. पाकिटावर आजींचं नाव, घरात सतत त्यांचीच चर्चा. खेळ आहे तिचा." मी म्हटलं, "होय." शिकलेलं माणूस धीर देत असतं तेव्हा त्याला खोटं पाडू नये. पण मॅडम उठल्या तेव्हा पोर त्यांना म्हणाली, "बाई, त्या येळी आलेल्या बाप्यानं मूठ न्हेली, म्हनला परत देतो. लई दिस लावलं तुमी." मॅडमच्या हातातला कप तसाच राहिला. चाळीस वर्षांपूर्वी गोळा करायला बाप्या आला की बाई, हे पाकिटावर लिहिलेलं नाही. मॅडमनी जाताना चप्पल उलटी घातली.

मग मी ठरवलं, ही भाकरी बंद. गव्हाची पोळी सुरू केली. बोलणं थांबलं. मी देवापुढं साखर ठेवली. पण पोर तिसऱ्या दिवसापासून वाळायला लागली. दहा दिवसांत ओठ पांढरे. एका दुपारी न्हाणीच्या मागं सापडली, दोन्ही गाल मातीनं भरलेले. माझ्याकडं बघून रडत होती आणि चावत होती. हर्षाली मला म्हणाली, "आई, तुम्ही माझी पोर मारणार का? काय बोलते ते बोलू दे, पण जगू दे." आईचा जीव. पुन्हा भाकरी थापली.

रंग परत आला, आणि आत्याबाईही परत आल्या.

आणखी एक सांगायचं राहिलं. बाजरीचं पीठ पंधरा दिवसांत कडू होतं, हे आपल्याला आईच्या पोटातून ठाऊक. हे पीठ दळून महिना झाला. मी रोज जिभेवर ठेवते. गोडच आहे.

तुम्ही कार्डात लिहिलंत तसं मी बोलवत नव्हते. आता विचारते. याल का?

जया


डिंगोरे, गुरुवार, १६ जानेवारी २०२५

वन्सं,

आज नमस्कार-चमत्कार नाही. मागच्या पत्राचंही उत्तर नाही, म्हणून हे रजिस्टर करते आहे.

संक्रांतीला दादा आणि पोर समोरासमोर आले. आजवर ते टाळत होते. पोर दारात बसली की हे गोठ्यात. "बाजरी हाय ती, बाई न्हाई," असं मला दटावायचे. संक्रांतीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी सगळ्यांच्याच ताटात. पोरीनं पहिला घास गिळला आणि ताट सारून दादांकडं बघितलं. म्हणाली,

"चांग्या, लेकीला सांगावा धाडला का रं?"

दादांचा घास हातात.

"मी काय इचारती? कुशीला सांगावा धाडला का? माजा डोळा लागंना. नुसती येऊन तोंड दावून जाऊ दे, सहीबिही मागू नगं."

वन्सं, हे शब्द मी पूर्वी ऐकलेत. याच ओसरीवर, बाजेवरून. तेव्हा दादा म्हणाले होते, "धाडलाय, आई. येती." तुम्हाला तो मिळाला नाही, कारण तो धाडलाच नव्हता.

या वेळी ते तसं म्हणू शकले नाहीत. साठीचा माणूस, सख्ख्या नातीपुढं मान खाली घालून म्हणाला, "न्हाय गं आई. न्हाय धाडला." आणि उठून गोठ्यात जाऊन बसले. जेवले नाहीत. हर्षाली पदर तोंडात घालून रडत होती. पोर शांत. तिनं ताट ओढलं आणि म्हणाली, "मग मीच जाती."

आम्हाला वाटलं, बोलण्यापुरतं. काल शाळेची गाडी आली तर पोर घरात नाही. ऋषी मोटारसायकल घेऊन ओतूरकडं धावला, दादा जुन्नरच्या बाजूला. जुन्नरच्या स्टँडवर मिळाली. घोडेगावच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर मांडी घालून बसली होती, फडक्यात भाकरी बांधलेली. ड्रायव्हर हसत होता, "ही पोरगी मला म्हंती, तळेघरला दोन रुपयं व्हतं, तू जास्ती का मागतोस? म्या म्हनलं, आजे, तुजं राज्य गेलं." दादांना बघून हसणं थांबलं त्याचं. फोन केल्यावर ऋषीही तिथं आला, पोरीनं त्याला ओळखलं नाही. स्वतःच्या बापाला. त्याला म्हणाली, "पावणं, सरा थोडं, मला पुढं जायचंय."

घरी आणली. संध्याकाळपर्यंत हर्षाली तिला कवटाळून "मी मम्मी आहे गं, मम्मी," म्हणत होती. झोपून उठल्यावर ओळख आली, तीही अर्धवट. आधी ते भाकरीनंतर तासभर असायचं. आता झोपून उठल्यावरची घटकाभराची वेळ सोडली तर दिवसभर असतं. उद्या ती वेळही राहील की नाही, मी सांगू शकत नाही.

मी आज सकाळी तिच्यापुढं बसले. हळदकुंकू लावलं, आपल्या नातीला सासूसारखं, आणि विचारलं, "आत्याबाई, काय हवं? पोरीला सोडा."

म्हणाली, "पोरीला मी धरली न्हाय. उपाशी व्हती, खायला घातलं." मग थोड्या वेळानं, "बी माज्या हातात हाय. कुनाच्या वटीत घालू? कुशी आल्याबिगर मडकं उघडायचं न्हाय, म्या सांगितलं व्हतं."

वन्सं, त्यांनी खरंच सांगितलं होतं. बी एकीच्या हातातून दुसरीच्या ओटीत जातं, तेव्हा पहिलीचा हात मोकळा होतो. त्यांचा झालाच नाही. मडकं सोंड्यांनी खाल्लं म्हणून मला वाटलं, तो विषय मिटला. पण एक मूठ बाहेर होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं की ठकूबाई गेल्या. आणि ती परत आली तेव्हा मी चाड्यावर त्यांचंच नाव घेतलं.

माझ्या ओटीत घाला म्हणून मी पदर पुढं केला. पोरीनं माझ्याकडं मायेनं बघितलं आणि मान हलवली. मला वाईट वाटलं, खोटं का बोलू? इतकी वर्षं त्यांचं मी केलं. पण लेक ती लेक.

आरती मॅडम पुढच्या महिन्यात उरलेलं बी न्यायला येणार आहेत. ते नेलं, गार खोलीत ठेवलं, म्हणजे पुन्हा चाळीस वर्षं हात अडकलेला. आणि तोवर आमची पोर कुठं असेल? म्हणून मॅडमना मी फोनवर सांगितलं, बी आधी त्याच्या धनिणीच्या हाती जाईल, मग ती देईल तेवढं तुम्ही न्या. मॅडम म्हणाल्या, "काकू, अहवालात काय लिहू?" मी म्हटलं, "उशीर झाला असं लिहा."

तुम्ही ओटीत बी घेतलंत की त्या जातील, असं मला वाटतं. त्यांच्याबरोबर या दाण्यातलं बळही जाईल, असंही वाटतं. मग पोरीचं रक्त पुन्हा उतरेल. उतरू दे. ओकली तरी गोळ्या देऊ, बाटली लावू, बीट-पालक, गूळ-शेंगदाणे, जे लागेल ते. अशक्त का होईना, आमची पोर आम्हाला "आजी" म्हणू दे. हर्षालीला हे समजावलं. ती रडली आणि हो म्हणाली.

दादांनी हे लिहायला सांगितलंय, त्यांच्या शब्दांत लिहिते : "कुशे, सहीचा इषय या घरात परत निघणार न्हाय. तुजं हाय ते तुजं. मी गुन्हेगार हाय. येताना माज्याशी नाय बोललीस तरी चालंल." ते तुम्हाला घ्यायला घोडेगावपर्यंत येतील, म्हणाल तर तळेघरला दारापर्यंत.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, वहिनीनं गोष्ट रचली, मला बोलवायला. माझी साक्ष कोण मानणार? म्हणून आता पोरीला जवळ बसवली आणि म्हटलं, आत्याआजीला दोन शब्द लिही. ती इंग्रजी, मराठी दोन्ही सुरेख लिहिते. तिनं पेन घेतलं नाही. देवापुढचं कुंकू पाण्यात कालवलं, डावा अंगठा बुडवला आणि कागदावर टेकवला. आत्याबाईंना लिहिता येत नव्हतं.

ठसा खाली आहे. अंगठा पोरीचा, लहान. पण ठशात मधोमध तिरकी पांढरी रेघ उमटलीय बघा. मी पोरीचा अंगठा धुऊन, उन्हात धरून पाहिला. कातडी कोवळी, कुठं ओरखडा नाही. पुन्हा कुंकू लावून दुसऱ्या कागदावर उठवून घेतला. पुन्हा तीच रेघ. तुम्ही रांगत असताना बाजरीच्या कापणीत विळ्यावर झेपावला होतात आणि त्यांनी मध्ये हात घातला, तेव्हा अंगठा चिरला होता, असं त्या सांगायच्या. त्या हातानं थापलेल्या भाकरीवर तुम्ही वाढलात. तुम्हाला ओळखू येईल.

पोर उंबऱ्यात बसली आहे, चपला घालून. मी तिला सांगितलंय की कुशी येते आहे, तिनं उत्तर लिहिलंय, टपालात आहे. या वेळी हे खोटं ठरू देऊ नका. हे पोचल्याबरोबर उलट टपाली कळवा, कधी निघता आणि कोणत्या गाडीनं. कार्ड असलं तरी चालेल, एका ओळीचं.

तुमची वाट बघणारी,
जया